साओ जोसे दोस आउझेंतेस: दक्षिण ब्राझीलच्या पठारावरच्या गुरांच्या गावाला जाताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राझील म्हटलं की रिओचा किनारा, ॲमेझॉनचं जंगल आणि फुटबॉल आठवतो. त्याच देशात सकाळी दंव गोठून गवत पांढरं होतं, माणसं लोकरी पोंचो पांघरून घोड्यावर बसतात आणि घराघरात चूल दिवसभर पेटती असते, असा एक प्रदेश आहे. आपल्याकडून तिकडे जाणारे मोजकेच. पण जे जायचं ठरवतात त्यांचे प्रश्न बहुतेक सारखे असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत.

हे गाव नेमकं कुठे आहे? किती मोठं आहे?

ब्राझीलचं अगदी दक्षिणेकडचं राज्य म्हणजे रिओ ग्रांदे दो सुल. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सांता कातारिना राज्याच्या हद्दीला लागून साओ जोसे दोस आउझेंतेस आहे. तिथली माणसं नुसतं ‘आउझेंतेस’ म्हणतात, आपणही तसंच म्हणू. उंची समुद्रसपाटीपासून साधारण 1,200 मीटर. 1992 साली शेजारच्या बॉम जेझुसपासून वेगळी होऊन इथली नगरपालिका झाली. लोकसंख्या साडेतीन हजारांच्या आसपास आणि हद्द अकराशे चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळपास दुप्पट जागेत आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाइतकी माणसं. उरलेली जागा गवताची आणि गुरांची.

गाव म्हणून जे आहे ते अर्ध्या तासात पायी पाहून होतं. चर्च, चौक, किराणा, पेट्रोल पंप, पशुखाद्याची दुकानं. गाव पाहायला म्हणून गेलात तर निराश व्हाल. आउझेंतेस गावाबाहेर आहे, फाटकांच्या पलीकडे.

मग लोक तिथे पाहायला काय जातात?

बहुतेक जण दऱ्या पाहायला जातात. पठार जिथे संपतं तिथे सरळसोट कडे आहेत, त्यांत खोल घळी कापल्या गेल्या आहेत आणि खाली अटलांटिकची किनारपट्टी दिसते. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, 1,403 मीटरचं पिको दो मोंते नेग्रो, याच हद्दीत आहे. शेजारच्या कांबारा दो सुलला इताइंबेझिन्यो आणि फोर्तालेझा या दोन प्रसिद्ध दऱ्या आहेत, त्यामुळे पर्यटकांची गर्दी तिकडे होते. बरेच जण एका दिवसात दोन दऱ्यांच्या कड्यावर उभं राहून फोटो काढतात आणि संध्याकाळी परत फिरतात.

माझं स्पष्ट मत सांगतो: दरीसाठी जा, पण मुक्काम एखाद्या चालत्या फाझेंडावर, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मोठ्या शेतवाडीवर करा, आणि तोही एका रात्रीचा नको. त्या कड्यापर्यंत जाणारी जमीन कुणाची तरी कुरणं आहेत. त्यांच्यावर सुमारे तीनशे वर्षं गुरं चरताहेत. ते जगणं न पाहता नुसता कडा पाहिला तर अर्धीच जागा पाहिली.

सह्याद्री भरपूर पाहिलाय. तिथे जाऊन नवीन काय दिसणार?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण सह्याद्री पायाखालून गेलेल्या माणसालाच ही जागा सगळ्यांत चांगली कळते.

दोन्हीकडचा दगड एकाच जातीचा, बेसाल्ट. आपल्या दख्खनच्या पठाराचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, तिथला साधारण 13.4 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दुपटीने जुना. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकांपासून सुटू लागल्या त्या काळात तो लाव्हा थरांवर थर पसरला. त्याच लाव्ह्याचा एक तुकडा आज आफ्रिकेत नामिबियात आहे. कड्याकडे पाहिलं की थर ओळखता येतात: आडव्या रेघा, मध्येच उभे खांबासारखे चिरलेले दगड, दोन थरांमधल्या बेचक्यात वाढलेली झुडपं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिलेल्या माणसाला कुणी काही समजावून सांगायची गरज पडत नाही. समुद्राच्या बाजूला तुटलेला कडा, पायथ्याशी दमट सखल पट्टी, आणि मागच्या बाजूला हळूहळू उतरत जाणारं पठार. फरक इतकाच की तिथे समुद्र पूर्वेला आहे.

पाण्याचंही तसंच. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा जवळचा समुद्र सोडून बंगालच्या उपसागराकडे जाते. इथल्या ओढ्यांचं पाणीही हाकेच्या अंतरावरच्या अटलांटिककडे पाठ फिरवून पेलोतास नदीतून उरुग्वे नदीला मिळतं आणि शेकडो किलोमीटर वळसा घालून ला प्लाताच्या मुखाशी समुद्राला पोचतं.

नवीन आहे ते वरचं सगळं. पठारावर आपल्यासारखा चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं असा प्रकार नाही, पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. कातळावर काळीभोर, पाणी धरून ठेवणारी माती आहे. आणि गवताच्या लाटांमध्ये मध्येच अरौकारियाची बेटं उभी असतात: सरळ खोड आणि अगदी वर आकाशाकडे वळलेल्या फांद्यांची छत्री. हे झाड एकदा पाहिलं की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

तिथले ऋतू आपल्या उलटे. जून ते ऑगस्ट हिवाळा, डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा.

दऱ्या स्वच्छ दिसायला हव्या असतील तर मे ते ऑगस्ट. उन्हाळ्यात समुद्रावरची दमट हवा कडा चढून वर येते, थंड होते आणि पाहता पाहता दरी धुक्याने भरते. स्थानिक लोक याला ‘विरासाओं’ म्हणतात. सकाळी नऊला लख्ख ऊन आणि अकराला पाच पावलांपुढचं दिसत नाही, असं नेहमी होतं. म्हणून कोणत्याही ऋतूत कड्यावर सकाळी लवकर जा, आणि हातात एखादा दिवस जादा ठेवा. एवढ्या लांब येऊन एकाच दिवसावर सगळं टाकू नका.

एप्रिल ते जुलै हा पिन्याओंचा, म्हणजे अरौकारियाच्या बियांचा हंगाम. मला विचाराल तर मे महिना घ्या. थंडी असते पण बोचत नाही, गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं आणि चुलीवर पिन्याओं असतात.

बर्फ पडतो का?

कधीकधी. ब्राझीलमधल्या सर्वांत थंड गावांमध्ये आउझेंतेसचं नाव घेतलं जातं आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली जाणं नेहमीचं. जुलै 2021 च्या अखेरीस या भागात चांगला बर्फ पडला होता. पण तो काही तासांत विरघळतो आणि काही वर्षी पडतही नाही. बर्फासाठी म्हणून तिकीट काढू नका. गोठलेलं दंव मात्र हिवाळ्यात हमखास दिसतं.

महाराष्ट्रातून पोचायचं कसं?

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ब्राझीलचा व्हिसा आधी काढावा लागतो. मुंबईत ब्राझीलचा वाणिज्य दूतावास आहे. कागदपत्रांची यादी बदलत असते, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावरून ताजी यादीच घ्या.

मुंबईहून आखाती देश, इथिओपिया किंवा तुर्कस्तानमार्गे साओ पाउलो, तिथून दीड-पावणेदोन तासांच्या विमानाने पोर्तो अलेग्रे. हा विमानतळ 2024 च्या महापुरात बुडाला होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाला. पोर्तो अलेग्रेहून आउझेंतेस साधारण अडीचशे किलोमीटर, चार-पाच तास धरा.

गाडी भाड्याने घेणं सगळ्यांत सोयीचं. बस मोजक्या आहेत आणि गावात उतरल्यावर पुढचे वीस-चाळीस किलोमीटर तुमचे तुम्हालाच जायचं असतं. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत घ्या. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. गावापर्यंत बॉम जेझुसकडून डांबरी रस्ता आहे, पण फाझेंडांचे रस्ते मुरूम-दगडाचे. ओढ्याच्या नाक्यावर किंवा कुंपणाच्या तोंडाशी रस्त्यात आडव्या तुळयांची जाळी टाकलेली असते: गाडी जाते, गुरं जात नाहीत. त्यावरून अगदी हळू जा, पावसात त्या तुळया बुळबुळीत होतात.

किनाऱ्याकडून यायचं असेल तर घाट चढावा लागतो. हे घाट आपल्या ताम्हिणी-वरंध्यासारखे, धुक्याचे आणि दरडींचे. निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचाराच.

फाझेंडावर राहायचं म्हणजे नक्की काय असतं? रिसॉर्टसारखं असतं का?

नाही. घर लाकडी फळ्यांचं, बहुतेकदा अरौकारियाच्या जुन्या लाकडाचं. मध्यभागी स्वयंपाकघर आणि त्यात लोखंडी पत्र्याची मोठी चूल. खोल्यांमध्ये हीटर असेलच असं नाही, म्हणून सगळं घर चुलीभोवती जमतं. पांघरुणं मात्र जाडजूड लोकरीची असतात. जेवण घरच्यांबरोबर एकाच टेबलावर.

कामाचा दिवस उजाडायच्या सुमारास सुरू होतो. या भागात मांसासाठी पाळलेल्या गाईंचंच थोडं दूध काढतात. रात्री वासरं वेगळी बांधतात, सकाळी वासरू आधी लावून पान्हा आला की धार काढतात, मग गाय-वासरू दोघं कुरणात. दिवसातून एकदाच धार. गोठ्यात गेलात की तुमच्या हातात एक मोठा पत्र्याचा किंवा काचेचा पेला देतील. तळाशी दाट काळी कॉफी आणि साखर. तो पेला घेऊन गाईपाशी जायचं आणि धार थेट त्यात पडते. दूध जोरात आदळल्याने वर बोटभर फेस येतो, पेला तळव्याला ऊब देतो आणि कॉफीचा कडूपणा त्या कोमट, जरा गोडसर दुधात मुरतो. याला ‘कामार्गो’ म्हणतात. बाहेर दंव पडलेलं असताना गोठ्यात उभं राहून प्यायलेला कामार्गो मी कोणत्याही हॉटेलातल्या नाश्त्याशी बदलणार नाही. कच्चं दूध पोटाला झेपत नसेल तर मात्र नम्रपणे नको म्हणा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

दुसरं पाहण्यासारखं म्हणजे गुरांना मीठ घालणं. मालक घोड्यावरून माळावर जातो, लांब हेल काढून हाळी देतो, आणि टेकडीमागून, ओढ्यातून, झाडांच्या बेटांतून गुरं धावत यायला लागतात. ठरलेल्या जागी मीठ मांडलेलं असतं. गुरं चाटत असताना तो एकेकीकडे पाहून घेतो: कोण लंगडतंय, कोणाला जखम झालीय, कोण व्यायला आलीय. मैलभर पसरलेल्या कळपाची तपासणी अशी चिमूटभर मिठावर होते. गुरं हाकलून गोळा करण्यापेक्षा ती स्वतःहून येतील अशी सवय लावणं, यात पिढ्यांचं शहाणपण आहे.

तिथे वागायचे काही नियम?

फाटक जसं असेल तसं ठेवा. बंद असलेलं उघडलंत तर पार झाल्यावर बंद करा. उघडं असलेलं मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं, ते लावू नका. हा एक नियम पाळलात तर बाकी चुका माफ होतात.

वासरू असलेल्या गाईच्या आणि वासराच्या मधून जाऊ नका. कुत्री कामाची असतात, कुरवाळण्याआधी मालकाला विचारा. वडीलधाऱ्यांना नावाआधी पुरुषांना ‘सेउ’ आणि स्त्रियांना ‘दोना’ लावतात. आपल्याकडे नुसत्या नावाने हाक मारणं जसं खटकतं, तसंच तिथेही खटकतं.

आणि शिमाराओंबद्दल. हा एर्वा-माते नावाच्या पानांचा कडू, गरम काढा, भोपळ्याच्या पात्रातून धातूच्या नळीने पितात. पात्र एकच, आळीपाळीने फिरतं. पहिलं पात्र भरणारा स्वतः पितो. तुमच्या हातात आलं की नळी हलवायची नाही, ढवळायचं नाही, तळाशी सुर्र आवाज येईपर्यंत संपवायचं आणि भरणाऱ्याच्या हातात परत द्यायचं. मध्येच ‘ओब्रिगादो’ म्हणालात तर ‘आता पुरे’ असा अर्थ होतो आणि पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. उष्टं चालत नसेल तर बसल्या बसल्याच सांगा. फेरी सुरू झाल्यावर नको म्हणणं अवघड जातं.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते, पण आधी कळवलंत तरच, आणि नीट कळवलंत तर.

आडपडदा न ठेवता सांगायला हवं: हा गोमांसाचा प्रदेश आहे. गुरं त्यासाठीच पाळली जातात आणि पाहुण्याचा मान म्हणून जमिनीवरच्या आगीभोवती मांस खोचून भाजतात. ज्यांना हे पाहणंही नको वाटतं त्यांनी जाण्याआधी मनाशी पक्कं ठरवावं. तिथे गेल्यावर यजमानांपुढे नाक मुरडणं योग्य नाही. त्यांचं घर या गुरांवर चालतं आणि ते त्यांना मायेनेच वाढवतात.

आता सोय. ‘मांस नको’ एवढं म्हणून भागत नाही, कारण बऱ्याच जणांच्या मनात मांस म्हणजे फक्त गुरांचं. कोंबडी, मासे, हॅम, बेकन एकेक नाव घेऊन नको म्हणा. काळ्या घेवड्याच्या उसळीत डुकराचे किंवा खारवलेल्या मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे, तेव्हा तुमच्यासाठी आधीच वेगळी काढून ठेवायला सांगा. एवढं केलंत की भात, उसळ, परतलेली पालेभाजी, उकडलेला किंवा तळलेला कसावा (साबुदाणा ज्याचा करतात तो कंद), मक्याचा पोलेंता, अंडी, चीज, घरचा पाव, मुरंबे असं पोटभर मिळतं. सोबत चटणी-लोणचं न्या. चूल पेटती असते, थोडी जवळीक झाली की तुम्हालाही काहीतरी करू देतात. जैन मंडळींना कांदा-लसणाशिवाय निभावणं कठीण आहे.

आणि पिन्याओं. बोटाच्या पेराएवढी, तपकिरी सालीची बी. उकडून किंवा चुलीच्या पत्र्यावर भाजून खातात. जुनी रीत अशी की रानातच अरौकारियाच्या वाळून पडलेल्या काटेरी फांद्यांचा ढीग करायचा, त्यात पिन्याओं टाकायचे आणि पेटवून द्यायचं. आग भडकते, झटक्यात विझते, आणि राखेतून भाजलेले दाणे काठीने उकरून काढायचे. साल दाताने दाबली की आतला गर बाहेर येतो. आपल्याकडे उपासाला चालेल असाच पदार्थ आहे तो.

तिथल्या चीजबद्दल ऐकलंय. ते काय आहे?

केझू सेर्रानो. वर सांगितलं त्या सकाळच्या एका धारेच्या कच्च्या दुधाचं, घरच्या घरी केलेलं चीज. दूध कमी पण दाट, कारण गाई माळाच्या नैसर्गिक गवतावर वाढलेल्या. दूध रेनेटने (मूळचं वासराच्या जठरातून काढलेलं विरजण) साकळवतात, पाणी काढून, मीठ लावून साच्यात दाबतात आणि लाकडी फळ्यांवर पिकायला ठेवतात. कोवळं असताना मऊ आणि किंचित आंबट. जुनं झालं की पिवळं, कडक, तिखटसर. दोन्ही चाखा आणि जुनं घ्या. 2020 मध्ये या चीजला ‘काम्पोस दे सिमा दा सेर्रा’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं. बायकांनी शतकानुशतकं स्वयंपाकघरात सांभाळलेल्या कामाला त्यामुळे सरकारी नाव मिळालं. शुद्ध शाकाहारी मंडळींनी रेनेटची चौकशी करावी.

या भागाचा इतिहास थोडक्यात सांगाल?

थोडक्यात सांगणं अवघड, पण प्रयत्न करतो. मूळ लोक काइंगांग आणि शोक्लेंग. पिन्याओं हे त्यांचं हिवाळ्यातलं मुख्य अन्न होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जेझुइट मिशनऱ्यांनी या उंच माळांवर गुरं आणून सोडली आणि ती मोकाट वाढली. ब्राझीलच्याच मिनास जेराइस या भागात सोनं सापडलं होतं, तिथे ओझी वाहायला खेचरं हवी होती. 1730 च्या दशकात दक्षिणेकडून या पठारावरून साओ पाउलोजवळच्या सोरोकाबाच्या बाजारापर्यंत तांड्यांची वाट खुली झाली. हजारो खेचरं हाकत नेणाऱ्या या माणसांना ‘त्रोपेइरो’ म्हणतात. वाटेत कळप पांगू नये म्हणून दोन्ही बाजूंनी दगडी गडगे रचले. कोकणातल्यासारखेच, चुना-माती न लावता, दगडाला दगड बसवून. त्यांतले काही अजून उभे आहेत. शेवाळ चढलेला तो बेसाल्ट पाहिला की हात लावून पाहावासा वाटतो.

लहान तांडे घाट उतरून किनाऱ्याला जात. वरून चीज, खारवलेलं मांस, पिन्याओं न्यायचे आणि खालून मीठ, कसाव्याचं पीठ, उसाची दारू आणि गूळ आणायचे. घाटमाथा आणि कोकण यांच्यात बैलांच्या पाठीवरून चालायचा तसाच हा व्यवहार.

या चित्रात एक गोष्ट नेहमी मागे पडते. फाझेंडांवर आणि तांड्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनीही राबून हे उभं केलं. त्यांच्यातल्या काहींनी दऱ्यांच्या पायथ्याशी आसरा घेतला. साओ रोके ही त्यांच्या वंशजांची वस्ती आजही तिथे आहे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आलेल्या आपल्या जमिनीच्या हक्कासाठी झगडते आहे. दरीत उतरणार असाल तर हे माहीत असू द्या.

एवढा मोकळा माळ म्हणजे जंगल तोडून केलेली कुरणं आहेत का?

नाही, आणि हा गैरसमज दूर व्हायलाच हवा. दलदलीत साठलेल्या परागकणांच्या अभ्यासातून दिसून आलंय की इथे गवत आधी होतं. हिमयुगाच्या थंड, कोरड्या काळापासून हा माळ आहे. हवा दमट होत गेली तशी अरौकारियाची जंगलं त्यावर पसरली, तीही गेल्या काही हजार वर्षांत. जंगलतोड झाली ती अरौकारियाची, विसाव्या शतकात, लाकडासाठी. तेव्हा करवतीच्या गिरण्यांनी डोंगरच्या डोंगर रिकामे केले आणि आज हे झाड अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

माळावर आजचं संकट वेगळंच आहे. उत्तर अमेरिकेतून आणलेल्या पाइनच्या लागवडी, बटाटा, सोयाबीन. एकदा नांगर फिरला की शेकडो जातींचं ते मूळ गवत पुन्हा येत नाही. सरळ रेषेत लावलेला हिरवागार पाइन पाहून ‘काय छान जंगल’ म्हणू नका. गुरं चरत असलेला पिवळा माळ त्याच्या कितीतरी पट जिवंत आहे. तिथे केरो-केरो हा टिटवीच्या कुळातला पक्षी ओरडत असतो, कुरिकाका शराटीसारख्या वाकड्या चोचीने चिखल टोचत हिंडतात, आणि अरौकारियाच्या शेंड्यावर ग्राल्या हा निळा पक्षी बिया नेताना दिसतो. हिवाळ्याच्या शेवटी वाळलं गवत जाळण्याची जुनी पद्धत आहे. त्यावर तिथे बराच वाद आहे आणि परवानगी लागते. ऑगस्टमध्ये काळे पट्टे दिसले तर ते त्याचे.

कुठे कुठे चालायला जावं?

मोंते नेग्रो शिखर गावापासून लांब, पण गाडी बरीच जवळ जाते आणि शेवटची चढण थोडकी आहे. शेजारीच त्याच नावाची दरी. हवा स्वच्छ असेल तर खालची किनारपट्टी दिसते.

सिल्वेइरा आणि दिविझा या दोन नद्या एका ठिकाणी अगदी शेजारी वाहतात, पण एकीची पातळी दुसरीपेक्षा सुमारे 18 मीटर वर. मधल्या चिंचोळ्या कण्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना पाणी. बेसाल्टच्या पायऱ्यांची ही करामत मला मोठ्या दऱ्यांइतकीच आवडते. सिल्वेइरावरच काशोएराओं दोस रोद्रिगेस हा रुंद धबधबा आहे, आणि ट्राउट पकडणारे गळ टाकून बसलेले दिसतात. यांतल्या बऱ्याच जागा खासगी जमिनीतून जातात, प्रवेशाचे थोडे पैसे घेतात. ते आनंदाने द्या.

कांबाराच्या बाजूला आपारादोस दा सेर्रा (स्थापना 1959) आणि सेर्रा जेराल (1992) ही राष्ट्रीय उद्यानं. इताइंबेझिन्यो सुमारे 5.8 किलोमीटर लांब, 720 मीटरपर्यंत खोल. वरून चालायच्या वाटा सोप्या आहेत. तळातून जाणारी रिओ दो बोईची वाट मात्र दिवसभराची, दगडांवरून नदी ओलांडत जाणारी, आणि वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. कांबाराच्या बाजूच्या दऱ्यांचा हा पट्टा 2022 पासून युनेस्कोचा जिओपार्क, म्हणजे भूवैज्ञानिक वारशासाठी मान्यता मिळालेला प्रदेश आहे.

कड्यांच्या बहुतेक भागाला कठडे नाहीत. धुकं आलं की जिथे असाल तिथून मागे फिरा, कडेला जाऊन थांबू नका. गवतात पायाखाली साप असू शकतात, घोट्यावर येणारे बूट घाला.

घोड्यावर कधी बसलो नाही. बसू देतात का?

हो. तिथले क्रियोउलो जातीचे घोडे बुटके, दमदार आणि शांत. खोगिरावर मेंढीचं कातडं टाकलेलं असतं, त्यामुळे नवख्याला त्रास कमी. तरी पहिल्या दिवशी तासाभरावर थांबा. मांड्यांना सवय नसते. गुरं हाकायला बरोबर नेतात तेव्हा मागे राहा आणि सांगतील तिथेच उभे राहा.

पैसे, फोन, वीज, भाषा?

गावात कार्ड चालतं. आपल्या यूपीआयसारखं पिक्स सगळीकडे आहे, पण त्याला तिथलं बँक खातं लागतं, तेव्हा फाझेंडासाठी रोख रेआल जवळ ठेवा. गावाबाहेर फोनला रेंज नसते. नकाशे उतरवून घ्या. या भागात 220 व्होल्ट, पोर्तो अलेग्रेत 127. अडॅप्टर लागतोच. इंग्रजी फारसं कुणाला येत नाही. पोर्तुगीजमधली पन्नासेक वाक्यं पाठ करून जा. गोव्यातल्या ज्या घरांत जुनी पोर्तुगीज अजून कानावर असेल त्यांना बरंच सोपं जाईल.

लसीचं काय?

हे विसरू नका. ब्राझीलहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि सरकारने नेमलेल्या ठरावीक केंद्रांतच मिळते, तिथे वेळ घेऊन जावं लागतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. काही आजारांत आणि विशिष्ट वयानंतर डॉक्टरांचा सल्ला घेऊनच घ्या.

कपडे कोणते न्यावेत?

एकावर एक घालता येतील असे. आतून थर्मल, मग लोकरी, वर वारा अडवणारं जाकीट. कानटोपी, हातमोजे, दोन-तीन जाड मोजे. शून्याच्या आसपासची थंडी सोसते, पण मिनुआनो नावाचा नैर्ऋत्येचा वारा सुटला की हाडं गारठतात. पोंचो तिथेच विकत घ्या, घोड्यावर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आई-वडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन जाता येईल?

मुलांना जरूर न्या. वासरं, घोडे, चूल, मोकळं रान. त्यांना दिवस पुरत नाही. फक्त कड्यांवर हात सोडू नका. ज्येष्ठांना मे किंवा ऑक्टोबरच्या सुमारास न्या, ऐन जुलैत नको. न्हाणीघरात गरम पाण्याची आणि खोलीत शेगडीची सोय आहे का ते नोंदणी करतानाच विचारा. मोठं रुग्णालय हवं तर वाकारिया किंवा काशियास दो सुलपर्यंत जावं लागतं, म्हणून नेहमीची औषधं पुरेशी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सोबत ठेवा. सांधे दुखणाऱ्यांसाठी एक सूचना: चुलीजवळची खुर्ची यजमान त्यांनाच देतील, ती घ्यायला संकोच करू नये.